लाइन नंबर सहा

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला दिलेला विषय आहे 'उद्योगधंद्यातली माहितीची यंत्रणा आणि बायकांचं काम'. काल रात्री जेवताना एक जण म्हणाली, "ताई, हे कॉलेजच्या पोरांना सांगा, आम्हाला झोप येईल." आली तर खुशाल झोपा. कुणी रात्रभर एसटीत बसून आली आहे, मला राग येणार नाही.

पण आधी एक विचारते. इथं बसलेल्यांपैकी किती जणींच्या घरी गाठोडं येतं? मण्यांचं, बटणांचं, धागे कापायचं, कसलंही. बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आता सांगा, गाठोडं मंगळवारीच का आलं, सोमवारी का नाही? या वेळी दोनशेच पीस का? आणि 'उद्या सकाळी सातला पाहिजेत' हे कुणी ठरवलं? तुम्ही म्हणाल, ठेकेदारानं. ठेकेदार म्हणेल, कंपनीनं. कंपनीतला साहेब म्हणेल, बायरनं. आणि बायरच्या ऑफिसात जाऊन विचारलंत तर तिथला माणूस कॉम्प्युटरकडे बोट दाखवेल. आज मला याच बोटाबद्दल बोलायचं आहे.

मी स्वतः त्या कॉम्प्युटरपाशी दहा वर्षं बसले. १९९६ साली मुंबईच्या उपनगरात एका कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात टायपिंग येतं म्हणून लागले. तेव्हा सगळा हिशेब वहीत असायचा. कटिंग मास्तरची वही, लाइनच्या सुपरवायझरची वही, पॅकिंगची वही. संध्याकाळी त्या वह्या कधीच जुळत नसत आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. २००१ मध्ये कंपनीनं सॉफ्टवेअर घेतलं. मला खोटं बोलायचं नाही, मला ते आवडलं. माझ्या हाताखाली सगळ्या कारखान्याची माहिती होती. कुठल्या ऑर्डरचे किती पीस कापले, किती शिवले, किती अडकले, हे मालकाच्या आधी मला कळायचं. एकविशीबाविशीतल्या बाईला असं कुठं मिळतं?

ही यंत्रणा आली कुठून, ते थोडक्यात सांगते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोड वाचून विकलं गेलं. त्या काळ्या रेघांमुळे पहिल्यांदा असं झालं, की वस्तू विकली गेली त्याच क्षणी कुठली वस्तू विकली गेली हे दुकानदाराला कळू लागलं. त्याआधी महिनाअखेर माल मोजावा लागायचा. वॉलमार्टनं १९८७ मध्ये आपल्या दुकानांना जोडणारं उपग्रहाचं जाळं पुरं केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून माल पुरवणाऱ्या कंपन्यांना विक्रीचे आकडे थेट दिसू लागले. स्पेनमधल्या झारानं आणखी पुढची मजल मारली. दुकानातून आठवड्याला दोनदा ऑर्डर, आणि नवा कपडा काही आठवड्यांत दुकानात. तिथंही ऐंशीच्या दशकात कापड मोठ्या यंत्रांवर कापलं जायचं आणि शिवायला गॅलिशियातल्या खेड्यांमधल्या बायकांच्या सहकारी गटांकडे जायचं. म्हणजे यंत्र मध्ये आणि बाई कडेला, ही रचना काही आपल्याकडचीच नाही.

धंद्याच्या दृष्टीनं या सगळ्याचा अर्थ एकच. गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. खप किती ते रोज कळत असेल तर माल साठवायचाच कशाला? लागेल तेव्हा, लागेल तितका मागवा. पूर्वी सहा महिने आधी वीस हजारांची ऑर्डर यायची. नंतर पाच पाच हजारांच्या चार यायला लागल्या, आणि त्यातली तिसरी पाठवायची की नाही हे दुसरीच्या खपावरून ठरायला लागलं. दुकानातली जोखीम अशी नाहीशी झाली. पण जोखीम नाहीशी होत नसते, ती सरकते. ती कारखान्यावर आली, कारखान्यानं ठेकेदारावर टाकली, ठेकेदारानं वस्तीत आणून ठेवली. पाच हजारांची ऑर्डर असली की कारखाना कायम बायका ठेवत नाही. काम असेल तेव्हा बोलवायचं, नसेल तेव्हा "दोन दिवसांनी सांगतो". मोठी दुकानं ज्याला साठा शून्यावर आणला म्हणतात, तो साठा खरं तर आपल्याच घरात आहे. रिकाम्या हातांनी वाट बघत बसलेल्या बायका हाच तो साठा, आणि त्याचं भाडं कुणी देत नाही.

आता लाइन नंबर सहा.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गठ्ठ्यापुढे 'ठिकाण' असा एक रकाना होता. त्यात लाइन एक ते लाइन सहा एवढेच पर्याय. कारखान्यात लाइनी पाचच होत्या. सहावीच्या जागी भिंतीला लावलेलं एक टेबल होतं, त्यावर आम्ही डबे ठेवायचो. मण्यांचं काम आणि धागे कापायचं काम मागच्या वस्तीत जायचं, तिथं तेवीस बायका ते करायच्या. पण बायरची अट होती, की परवानगीशिवाय काम बाहेर द्यायचं नाही. कागदावर बाहेर काम जातच नव्हतं. मॅनेजरनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "बाहेर गेलेलं सगळं लाइन सहाला टाक." मी टाकत गेले. रोज. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. रकाना भरायचा होता, भरला.

२००३ साली बारा हजार ब्लाउजची ऑर्डर होती, गळ्याला मणी. त्यातले अकराशे पीस परत आले. धुतल्यावर मणी सुटत होते. दोरा कच्चा होता, आणि तो ठेकेदारानं आणून दिलेला होता. पण ठेकेदारानं तेवीस जणींचे पाच आठवड्यांचे पैसे अडकवले. सगळ्याच पिसांचे, खराब झालेल्या अकराशेचेच नव्हेत. बायका गेटवर आल्या. मॅनेजर बाहेर आले नाहीत, त्यांनी चौघींना आत बोलावलं आणि माझा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. म्हणाले, "बघा, हे काम आमच्या लाइन सहामध्ये झालंय. तुम्ही आमच्याकडे कामच केलेलं नाही." त्यातल्या एक मावशी वाकून स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, या पेटीत नावं कोण घालतं गं?"

मी गप्प बसले. नोकरी सोडली नाही, आरडाओरडा केला नाही. माझ्या घरी तेव्हा माझ्या एकटीचा पगार होता. हे मी सांगते आहे ते माफी मागायला नाही, मावशी आता नाहीतही. सांगते आहे ते यासाठी, की खोटी नोंद करणारा कोणी राक्षस नसतो. पुष्कळदा ती आपल्यातलीच एखादी असते, जिला कॉम्प्युटर येतो.

कामगार खात्यात गेल्यावर त्यांना विचारलं गेलं, मालक-नोकर नात्याचा पुरावा काय? हजेरी नाही, पगारपत्रक नाही, चिठ्ठी नाही. पुरावा निघाला तो आठवीतल्या एका मुलीच्या वहीत. ठेकेदार पीस मोजताना आईला फसवतो म्हणून ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज किती पीस आले, किती गेले ते लिहायची. आणि गाठोड्याला जी चिठ्ठी बांधलेली असायची, तिच्यावरचा नंबरही उतरवायची. का, तर म्हणे तो नंबर लांबलचक होता आणि तिला लिहायला आवडायचा. तो स्टाइल नंबर होता. माझ्या स्क्रीनवर लाइन सहापुढे तोच नंबर होता.

तरी खात्यात काही लवकर हललं नाही. हललं ते दुसऱ्या कारणानं. त्याच गळ्याची पुढची ऑर्डर आली होती आणि माल बंदरात पोचायची तारीख ठरलेली होती. तारीख चुकली तर माल विमानानं पाठवायचा आणि ते भाडं कारखान्यानं भरायचं, असा करार. साठा शून्य, वेळ शून्य. ती तारीख वस्तीत कुणाला माहीत नव्हती. मी सांगितली. घरी जाताना भाजीच्या गाडीपाशी मावशींना म्हटलं, "एकोणीस तारखेला कंटेनर आहे." बस्स, एवढंच. बायकांनी बारा तारखेला गाठोडी घ्यायचं बंद केलं. सोळाला ठेकेदार पैसे घेऊन आला. पूर्ण नव्हे, साधारण अर्धे. खराब पिसांचे त्यानं कापलेच, आणि दोघी जणींना पुढे कधीच काम दिलं नाही. तेव्हा याला विजय म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी २००६ मध्ये तिथून निघेपर्यंत भाजीच्या गाडीची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

पण त्या चार दिवसांत मला जे कळलं ते दहा वर्षांत कळलं नव्हतं. या यंत्रणेनं साखळी जितकी वेगवान केली तितकीच ती ताणलीही. मधे कुठं ढिलाई उरलेली नाही. म्हणून सगळ्यात शेवटच्या कडीला तिच्या नकळत मोठं बळ आलं आहे. मात्र त्यासाठी तिला तारीख माहीत पाहिजे. माहिती खालून वर अखंड जाते : किती पीस झाले, कोण मागे पडलं, कोण किती वेळ जागेवर नव्हती. वरून खाली मात्र फक्त हुकूम येतो. आता मोठ्या कारखान्यांत गठ्ठ्यावर बारकोड असतो, शिवणारी बाई गठ्ठा संपला की तो यंत्राला दाखवते. कॉलर लावायला किती मिनिटं, बाही लावायला किती, हे मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत आधी ठरवलेलं असतं. ती संडासला गेली तर स्क्रीनवर भोक पडतं. पूर्वी सुपरवायझर ओरडायचा, त्याला उलट बोलता यायचं. स्क्रीनला कशी बोलणार?

यावर कुणी म्हणेल, मग ही यंत्रंच नकोत. मला ते पटत नाही. यंत्राच्या नावाखाली बायकांना बाहेर काढायची रीत जुनी आहे हे खरं. १९२०-३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, वाइंडिंगला, रीलिंगला. पुढे 'रॅशनलायझेशन' आलं आणि आधी त्यांचीच खाती आटली. पण दुसरी बाजूही बघा. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या दूध संस्थांत नव्वदच्या दशकापासून यंत्रं आली. त्याआधी फॅट तपासायला वेळ लागायचा, बाई घरी गेल्यावर सेक्रेटरी काय लिहील ते लिहील. यंत्र आल्यावर किटली ओतली की वजन, फॅट, दर, रक्कम छापलेली चिठ्ठी त्याच मिनिटाला हातात. आपल्याकडेही अनेक डेऱ्यांवर आता तशी चिठ्ठी मिळते. तोच कॉम्प्युटर, पण माहिती बाईच्या हातात आली. अर्थात चिठ्ठीवर नाव कुणाचं हे विचारा. म्हैस धुते ती, धार काढते ती, डेरीवर जाते ती, आणि सभासद म्हणून नाव पुष्कळ घरांत नवऱ्याचं. ते काम यंत्र करणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.

इथं अंगणवाडी सेविका बसल्या आहेत, त्या हसताहेत. त्यांना वाटतंय, आमचं कधी येणार? येतंच. पोषण आहाराची पुरवठा साखळी सरकारनं २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर टाकली. ॲप तेव्हा इंग्रजीत होतं, फोन निकृष्ट होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. त्या म्हणत होत्या ते मला फार मोलाचं वाटतं : भरायची माहिती आमची, मग भाषा आमची का नाही? आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरुग्रामला घरोघरी जाऊन ब्यूटी पार्लरचं काम करणाऱ्या बायका एका ॲप कंपनीच्या ऑफिसबाहेर बसल्या. कमिशन किती कापणार, गुण कमी झाले तर काम का बंद करणार, हे त्यांचे प्रश्न. काही सवलती मिळाल्या. डिसेंबरात त्या पुन्हा बसल्या तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली.

आता शेवटचा आणि सगळ्यात जड भाग. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा कोसळला. अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यात बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ऑर्डरी पुऱ्या करायच्या होत्या. आणि मग काय झालं? ज्या कंपन्यांना कुठल्या दुकानात कुठल्या मापाचा शर्ट संपला हे मिनिटात कळतं, त्यांच्यातल्या काहींना आपले कपडे या इमारतीत शिवले जातात की नाही हे सांगता येईना. कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं आणि ऑर्डरचे कागद शोधावे लागले. प्रेतांशेजारची लेबलं. तिथंही कुठंतरी लाइन नंबर सहा असणारच, असं मला ते वाचताना वाटत राहिलं.

त्या लेबलांवर पुढची लढाई उभी राहिली. मे २०१३ मध्ये इमारत आणि आगीच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला. नुकसानभरपाईचा तीन कोटी डॉलरचा निधी जमायला मात्र जून २०१५ उजाडलं. आणि एक मागणी सगळीकडून लावून धरली गेली : तुमचे कारखाने कुठले, त्यांची यादी जाहीर करा. आज अनेक ब्रँड ती जाहीर करतात. या याद्या एकत्र करणारी, कुणालाही फुकट बघता येईल अशी नोंद २०१९ मध्ये सुरू झाली, तिचं आताचं नाव ओपन सप्लाय हब. कारखान्याचं किंवा गावाचं नाव टाकलं की तिथं कुणाकुणासाठी माल बनतो ते दिसतं. सगळं दिसत नाही. घरचं काम तर जवळजवळ नाहीच. पण दहा वर्षांपूर्वी एवढंही नव्हतं.

त्याचा उपयोग काय, ते तामिळनाडूनं दाखवलं. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगल भागातल्या कपडा कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. ती युनियनची सभासद होती. तिला सुपरवायझर त्रास देत होता हे बाकीच्या मुली सांगत होत्या. तिथली युनियन, जी दलित बायकांनी चालवलेली आहे, फक्त पोलिसांकडे जाऊन थांबली नाही. माल कुठल्या ब्रँडला जातो ते धरून ती साखळीच्या वरच्या टोकापर्यंत गेली. एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. कारखान्याची मालक कंपनी आणि युनियन यांच्यात, आणि एच अँड एमशीही; गॅप आणि पीव्हीएच हे ब्रँडही पुढे त्यात आले. कारखान्यात छळ झाला आणि कंपनीनं दुरुस्ती केली नाही तर धंद्यावर परिणाम होईल अशी त्यात तरतूद होती. प्रत्येक लाइनवर युनियननं तयार केलेल्या बायका लक्ष ठेवू लागल्या. एक मुलगी गेल्यावर हे झालं, हे विसरू नका.

उलटंही सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये करोना आल्यावर याच साखळीतून एका ईमेलवर ऑर्डरी रद्द झाल्या. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या. कापलेल्या, शिवून तयार असलेल्या मालाच्यासुद्धा. घरी बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत तो ईमेल पोचतच नाही. तिला एवढंच कळतं, की गाठोडं आलं नाही. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ नंबरचा ठराव १९९६ चा आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. त्यावर उद्याच्या सत्रात बोलणारच आहोत, म्हणून मी आज त्यात शिरत नाही.

मला आज दुपारी काय करायचंय ते सांगते. मी तीन रिकामी खोकी आणि वीस-पंचवीस जुनी लेबलं आणली आहेत. खोक्यावरच्या चिठ्ठीत ऑर्डर नंबर कुठला, स्टाइल नंबर कुठला, माल कुठल्या बंदराला जाणार, हे सगळं लिहिलेलं असतं. अमेरिकेला जाणाऱ्या कपड्याच्या लेबलवर पुष्कळदा 'आरएन' आणि पुढे आकडे असतात. तो तिथल्या कंपनीचा नोंदणी क्रमांक. तिथल्या सरकारच्या यादीत तो टाकला की कंपनीचं नाव पत्त्यासकट मिळतं. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांच्या मोबाइलवर करून बघू. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी काळजी करू नये, आकडे उतरवायला इंग्रजी लागत नाही. आठवीतल्या पोरीनं उतरवलेच होते.

आणि वह्या आणल्या आहेत, साध्या शंभर पानी. रकाने मी आखलेले नाहीत. तारीख, नग, दर, गाठोड्यावरचा नंबर, कुणी आणलं, कुणी नेलं, एवढं मला सुचतं. सातारकडच्या मैत्रिणींनी सकाळी सांगितलं, की दोरा आणि सुई कुणाची हाही रकाना पाहिजे. मला तो सुचला नव्हता, २००३ साली तोच लागला असता. जेवण झालं की गोल करून बसू, प्रत्येक गटानं आपापले रकाने सांगायचे. आधी जेवून घ्या, भाकऱ्या गार होताहेत.